वाऱ्यासकट

पुन्ता अरेनासमध्ये, गुरुवारी रात्री,
बाहामोन्देच्या टायरच्या दुकानाचं शटर
कमरेइतकं उघडं असतं.
आधी वाद्यं आत सरकवायची,
मग आपण वाकायचं.

नियम एवढाच: नाव सांगा,
घरी केलेलं काहीतरी ऐकवा,
आणि खाली बसा.
नमनाला घडाभर तेल नको, म्हणतो बाहामोन्दे,
आणि स्वतःच्या बासरीवर वीस मिनिटं बोलतो.
(बासरी म्हणजे सायकलच्या पंपाची नळी.
वाजते. नाही असं नाही.)

नेवेन्का शाळेत गणित शिकवते.
"मी कपाटात गाते," ती म्हणाली,
"थंडीच्या कोटांमध्ये उभी राहून, दार लावून.
वरच्या सुराला हँगर किणकिणतात,
ते मी काढले नाहीत.
आणि मागे घरघर आहे तो वारा. माफ करा."

गाल्वारिनो खेकड्यांच्या कारखान्यात.
त्याच्या वाद्याला खोक्याचं पोट
आणि मासेमारीच्या दोऱ्याच्या तीन तारा.
खालच्या तारेला हात लागला
की पहिल्या रांगेला समुद्राचा वास येतो.
"रात्रपाळीवरून आलो की वाजवतो.
बायको झोपलेली असते,
म्हणून सगळंच हळू आहे.
वारा सोडून."

मग ओयार्सुन भाऊ उठले,
म्हणजे धाकटा उठला. थोरला पार तिकडे,
टायरांच्या चळतीला टेकून, बुटांकडे बघत.
बापाची होडी विकली तेव्हापासून, चार वर्षं,
एका घरात वर-खाली राहतात, बोलत नाहीत.
थोरला अकॉर्डियन वाजवतो
आणि पेनड्राइव्ह जिन्याच्या पायरीवर ठेवतो.
धाकटा रात्री त्याला ढोल जोडतो
आणि परत पायरीवर.
असं करत करत अकरा गाणी झालीत.
"मी रेने," धाकटा म्हणाला. "ढोल माझे."
थांबला.
"अकॉर्डियन याचं."

याचं, म्हणाला. त्याचं नाही.
थोरल्यानं बूट बघणं सोडलं नाही,
पण त्यातला एक बूट ठेक्यावर हलायला लागला.
त्यांच्याही गाण्यात मागे वारा होता,
दोन मजल्यांचा मिळून एकच.

मी तर काल रेकॉर्डिंगआधी
खिडकीच्या फटींत घरातले सगळे मोजे कोंबले होते.
तरी आलाच.
या गावात तो न बोलावता
प्रत्येकाच्या साथीला बसतो,
तालाचं म्हणाल तर कुणाचंच ऐकत नाही.

मग एदेल्मिरा. वय एकाहत्तर.
मेंढ्या कातरणाऱ्यांच्या शेडवर
रांधण्यात जन्म गेला.
मुलानं तिला सान्तियागोला नेलं होतं,
तिथे तासावर भाड्यानं मिळणाऱ्या खोलीत,
चारी भिंतींना स्पंज लावलेल्या,
तिचं गाणं टिपून घेतलं.

आम्ही ऐकलं.
धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेलं.
कुठे खोकला नाही, कुठे भांडं नाही.
कुणालाच काय बोलावं सुचेना.
"मलासुद्धा," एदेल्मिरा म्हणाली,
"ही बाई कोण, ते कळेना."

बाहामोन्दे उठला,
शटर आणखी हातभर वर ओढलं,
आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.
वारा आत आला, त्यानं पावतीपुस्तक चाळलं,
खिळ्यावरचे पाने वाजवून पाहिले,
आणि तिच्या आवाजामागे जाऊन उभा राहिला,
जागा ठरलेली असल्यासारखा.
एदेल्मिरानं शाल कानांवर ओढली.
"हां," म्हणाली, "आता मी एदेल्मिरा."

माझा नंबर राहूनच गेला.
बारा वाजले होते, बोटं गारठली होती,
थोरला आणि रेने एकाच दिशेनं निघाले,
दहा पावलांचं अंतर ठेवून.
मी भिंती धरत धरत घरी आलो
आणि खिडकीतले मोजे एकेक करून काढले.

नाव पुढच्या गुरुवारी सांगेन.