चौथा ठिपका

मार्दिनच्या उतारावर, सोनारांच्या गल्लीखाली
आमचा स्टुडिओ. बापाच्या वेळी इथे लाल दिवा होता,
आता दोन मॉनिटर आहेत, आणि एक मांजर
जे प्रिंटरवर झोपतं, कारण तो उबदार असतो.

खेझाल नावाची बाई फोटो घेऊन आली,
रुमालात गुंडाळून, आत अंडं असावं तसा.
तिच्या आईचा. एकोणीसशे एकाहत्तर.
गाल ब्रशने गुलाबी केलेले, मागे आमचाच शिक्का.
"हिची हनुवटी कोरी आहे," ती म्हणाली.
"माझ्या आईची नव्हती."

काम सोपं वाटतं. नवा लेयर घ्यायचा,
पाच ठिपके ओळीने, खाली हरणाचं पाऊल,
मोड मल्टिप्लाय, झालं.
पण तेवढ्यावर सोडलं तर ते दिसतं
दुकानाच्या काचेला चिकटवलेल्या भावाच्या चिठ्ठीसारखं.
गोंदण कातडीवर नसतं.
ते आत राहायला गेलेलं असतं,
वरून छिद्रं, लव, घाम, उजेडाची पातळ साय.
म्हणून काळ्यातलं काळं काढून घ्यायचं,
थोडं हिरवं, थोडं निळं ठेवायचं,
कडा फुटू द्यायच्या,
हनुवटी वळते तिथे ओळ वाकवायची
आणि खिडकीचा उजेड पडलाय तिथे
अर्धी पुसून टाकायची, हात आखडू न देता.

झूम केलं. चारशे टक्के.
तिथे कातडीच नव्हती.

बापाने निगेटिव्हवर पेन्सिल चालवली होती,
सुईसारखं टोक काढून, श्वास धरून.
एवढी सफाई, की हनुवटी
धुऊन पालथी घातलेल्या बशीसारखी.
मी माफी मागणार होतो, पण खेझाल म्हणाली,
"त्यांनी नाही. तिनंच सांगितलं होतं.
इस्तंबूलला जायचं होतं आम्हाला.
तिथे बसमध्ये बायका वळून बघतात, कुणीतरी सांगितलेलं."

मग मी माऊस सोडला.
जिचं तिनं पुसायला लावलं
ते मी परत कुणाच्या सांगण्यावरून काढू?

ती बराच वेळ मांजराकडे बघत होती.
"मी आकडे त्या हनुवटीवर शिकले," म्हणाली.
"मांडीवर बसून, बोट टेकवत.
येक, दू, से, चार, पेंज.
लाज तिची होती, ती तिच्याबरोबर गेली.
मोजणं माझं आहे."

कातडी आणायची कुठून?
तिलाच खिडकीशी बसवलं, मान जरा वर,
आणि तिच्या हनुवटीचा फोटो काढला.
एकसष्ट वर्षांची, कधी सुई न लागलेली.
तिची छिद्रं, तिचा एक जुना व्रण
तिच्या आईच्या तोंडावर पसरला, हलक्या हाताने,
वीस टक्के, मग तीस.
जुन्या बाया काजळीत दूध मिसळायच्या,
नुकती मुलगी झालेल्या आईचंच लागायचं ते.
माझ्याकडे दूध कुठलं, लेक तेवढी होती समोर.

ठिपके बसले. मला बरे वाटले.
"चौथा वर होता."
किती वर?
"टोचणारीला शिंक आली होती. असा."
चार पिक्सेल उचलला.
"अजून."
एक.
"अजून. तू सरळ करायला बघतोयस."
बघत होतो खरं. हाताची सवय, वारशात आलेली.
माऊस तिच्याकडे सरकवला.
तिला तो धरता येईना, साबणासारखा निसटायचा,
आणि त्या निसटण्यातच ठिपका
ओळीबाहेर कुठेतरी जाऊन थांबला.
"हां," ती म्हणाली. "तिथेच."

मग तिने काचेवर बोट टेकवलं.
स्क्रीनला हात लावू नका, अशी पाटी आहे आमच्याकडे,
मी तिच्यासमोर उभा राहिलो पाटी झाकून.
येक. दू. से.
चारला बोट आपोआप वर उचललं गेलं,
पायरी माहीत असलेल्या पावलासारखं.
पाचव्यावर ते आलं की नाही मला कळलं नाही.
मांजर चिडून प्रिंटरवरून उठलं होतं,
आत कागद ओढला जात होता.