बरगे

चिकोत्रेला नदी म्हणायच्या आधी
पाटबंधारे खात्यातला साहेबसुद्धा
एकदा चष्मा पुसून घेतो.
उन्हाळ्यात ती वाहत नाही,
सोडली जाते.

झुलपेवाडीला धरणाचं दार उघडलं
की आधी फोन वाहतात.
‘कापशीच्या पुलाखाली आलंय म्हणं.’
‘न्हाई गा, नुसती ओल हाय.’
‘मग मोटरी कशाला वराडाय लागल्यात?’
कापशीत चामडं भिजत घालता घालता
सदू गाडेकर बोट बुडवून बघतो,
सांगतो, ‘धरणाचंच. गार हाय.’

आमचं गाव वरच्या अंगाला,
आईचं माहेर खालच्या.
मधे एक बंधारा
आणि सोयरिकीहून जुनं भांडण.

रात्री बाप्ये बंधाऱ्यावर जायचे.
बरग्याला बरगा ठोकून बसवायचे,
फटीत चिखल, चिखलात पाचट, वर युरियाची पोती.
आबा घरी यायचे ते कोपरापर्यंत काळे.
‘थेंब जात न्हाई आता,’ म्हणायचे
आणि आई त्यांच्या हातावर तांब्या धरायची
गप्प.

मी सात वर्षांचा असेन.
धुण्याची बादली घेऊन तिच्या मागं.
तिनं वाकळ आपटली, पिळली,
मग लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून
बंधाऱ्याच्या भिंतीला टेकली,
जशी दमलेली बाई टेकते.
पाण्याखाली
तिचा अंगठा चालू होता.
जोडव्याच्या बोटाशेजारचा, चिरा पडलेला.
तिसऱ्या आणि चौथ्या बरग्याच्या मधे
चिखल उकरत, हळूहळू,
जणू पोराच्या कानातला मळ काढावा.

पलीकडं
करंगळीएवढी नदी सुरू झाली.

‘काय बघतोस? बादली उचल.’

खाली केरबामामाची दोन म्हसरं होती,
एक आंब्याचं रोप होतं,
आणि आजी. एवढंच.

आता बरगे लोखंडी आहेत, मधे रबर.
मी त्याच खात्यात कारकून.
नोंदवहीत रकाना आहे :
बंधाऱ्याखालील प्रवाह.
मेमध्ये सगळे ‘निरंक’ लिहितात,
मीही लिहितो.

फक्त लिहिण्याआधी एकदा उतरून
तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे
हात लावून येतो.
कोरडं असतं.
तरी बोट पुसावंसं वाटत नाही.