खराब प्रत

साखर पेठेच्या तोंडाशी माझं झेरॉक्सचं दुकान.
एका पानाला दोन रुपये, पाठपोट तीन.
मशीन जुनं. उन्हाळ्यात कुणाचा चेहरा काळा पडतो,
कुणाचं गाव पुसलं जातं.
अशी खराब प्रत मी टेबलाखालच्या खोक्यात टाकत आलो
आणि खोकं भरलं की रद्दीत घालत आलो,
बारा रुपये किलोनं.

आज पोशम्मा इराबत्ती आली, नोटीस घेऊन.
मी वाचून दाखवलं: मोटारसायकल, फरिदाबाद,
थकलेले हप्ते नऊ.
ती म्हणाली, "मी अक्कलकोटच्या पुढं गेले नाय बगा.
फरिदाबाद कुटं आलं?"

गेल्या महिन्यात रेशनच्या दुकानात
तिचा अंगठा चारदा परत आला.
पुसला, ओला केला, केसांच्या तेलावर घासला.
चाळीस वर्षं तेंदूचं पान, कात्री, दोरा,
रोजच्या हजार विड्या;
बोटावरच्या रेघा केव्हाच
कुणाकुणाच्या धुरात निघून गेल्या.
कारखान्यात वाकडी विडी बाजूला काढतात,
तिला छाट म्हणतात.
"माजं बोट छाटीत गेलं," म्हणत
तेव्हा ती हसली होती.

आज नाही हसली.
"माज्या बोटाला मी पटत नाय,
आन् तिकडं कोण बाप्या
माजं नाव सांगून पटतो?"

मी मशीनची काच पुसत राहिलो.

गड्ड्याच्या जत्रेत एकदा शेंगा घेतल्या होत्या.
पुडी उलगडली तर मिठाखाली अर्धा चेहरा,
जन्मतारीख, बारा आकडे,
आणि डावीकडे वरून खालपर्यंत
एक बारीक काळी रेघ.
ती रेघ माझ्या मशीनची.
ड्रमवर ओरखडा आहे, सहा वर्षांपासून.
मशीनला ठसा आहे, पोशम्माला नाही.
ती पुडी तिची होती असं नाही. नसेलच.
मी शेंगा संपवल्या होत्या, कागद चुरगाळून
तिथंच टाकला होता.

तक्रारीला पण दोन झेरॉक्स लागतात, त्याच कार्डाच्या.
पहिली काळी आली.
दुसरी, तिसरी बरी. त्यांच्यावर मी आडवं लिहिलं:
फक्त पोलीस तक्रारीसाठी. खाली तारीख.
मागं उभा पोरगा म्हणाला, "काका, आवरा की."
माझा हात सवयीनं खोक्याकडे गेला
तसा तिनं तो धरला.

कमरेची कात्री काढली.
काळी प्रत मांडीवर घेतली
आणि कापत गेली, पानाच्या मापानं,
आधी कपाळ, मग पत्ता, मग आकडे,
एकेक तुकडा सारख्या लांबीचा,
ओठात पुटपुटत: ओकटी, रेंडू, मूडू...

पोरगा गप्प झाला.
तुकडे तिनं पदराच्या टोकाला बांधले.
"चुलीत घालते," म्हणाली. "किती झाले?"

मी पैसे घेतले नाहीत.
तिनं सहा रुपये मोजून काचेवर ठेवले,
आणि उचलताना नाणं तिच्या बोटातून
दोनदा निसटलं.