फरा

फऱ्याला स्कॅपुला म्हणतात
हे मला अंबाजोगाईत आल्यावर कळलं.
त्याआधी अठरा वर्षं तो
केजच्या आमच्या दुकानात आकड्याला लटकत होता
आणि रविवारी अकराच्या आत संपत होता.

नर्सिंगच्या पहिल्याच आठवड्यात ढोबळे सिस्टरनी
पत्र्याच्या पेटीतून हाडं काढली. माणसाची.
पिवळी पडलेली, शाईनं नंबर घातलेली.
पोरींनी ओढण्या नाकाला लावल्या.
मी हात पुढं केला, मला वजन बघायचं होतं.
हलकं होतं.
इतकं हलकं हाड आमच्याकडं कुणी तराजूत घेऊ दिलं नसतं.

सगळं ओळखीचं, आणि सगळ्यांची नावं बदललेली,
सासरी गेलेल्या पोरींसारखी.
तिल्ली आता स्प्लीन.
गुर्दा किडनी, आणि पुस्तकात खोल गेलं की रीनल.
काळजाचा तर घोळच :
आप्पा लिव्हरला काळीज म्हणतात, पावशेर, अर्धा किलो.
सिस्टर म्हणाल्या, धडधडतं ते हृदय, काळीज नव्हे.
मग ताईच्या वेळी आईचं जे तुटलं होतं
ते नेमकं कुठं,
वहीच्या कडेला मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

इटिस म्हणजे सूज. हायपो म्हणजे कमी.
एक्टमी म्हणजे कापून बाजूला काढणं,
हे लिहिताना बाकावर मी एकटीच हसले.

मनगटात आठ हाडं. ती पाठ होईनात
तर मी ती एसटीत बसवली.
केजला स्कॅफॉइड चढतं,
चंदनसावरगावाला लुनेट, होळला ट्रायक्वेट्रल.
पिसिफॉर्म एवढंसं, ते फाट्यावर हात करतं.
ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड जुळ्या बहिणी, एकाच तिकिटावर.
लोखंडी सावरगावाला कॅपिटेट, दोन सीटा अडवून.
हॅमेट येईपर्यंत स्टँड येतं
आणि कंडक्टर विचारतो,
पोरी, काय पुटपुटूलालीस मघापासून?

तोंडी परीक्षेला लातूरहून आलेल्या मॅडमनी
एक चपटं तिकोनी हाड पुढं धरलं.
नाव ओठावर होतं.
ओठावरून निघालं ते, फरा.
मागच्या पोरी खुसखुसल्या.
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, डावा की उजवा?
डावा, मी म्हणाले. खळगा कुठं येतो त्यावरून.
दहापैकी सहा दिले.

पौषात आप्पा आले, हाताला गमजा गुंडाळून.
सुरी घसरली होती, अंगठ्याच्या बुडाशी.
कॅज्युअल्टीत माझीच ड्यूटी.
डॉक्टरनी जखम उघडून धुतली तेव्हा
आत एक पांढरी दोरी दिसली, ओली, चकाकणारी.
टेंडन शाबूत आहे, डॉक्टर म्हणाले.
मी मनात पूर्ण नाव घेतलं,
फ्लेक्सर पॉलिसिस लाँगस,
देवाचं घेतात तसं, एकही अक्षर न गाळता.

आप्पांनी तोंड फिरवलं नाही.
रोज पहाटे कुणाचं तरी अंग उघडणारा माणूस
स्वतःच्या आत वाकून बघत होता.
"आपल्यात बी तसंच असतंय का गं?"
"व्हय."
"समदं?"
"जवळजवळ."

सुईत दोरा ओवेपर्यंत ते गप्प होते.
मग म्हणाले, "ह्याला काय म्हणतात तुमच्यात?"
मी सांगितलं.
त्यांनी म्हणून बघितलं. पॉलिसिस जमलं, पुढं अडलं.
"आमच्यात दोरीच म्हणतात," म्हणाले,
"चावत नाही कुणाला. कुत्र्यापुढं टाकतो."
आणि हळूच अंगठा वाकवून बघितला.