आडवी पाडून बघू?

उपिंग्टनच्या दुकानात एसी इतका गार
की नखांतलं ग्रीसही आखडलं.
विक्रेता पोरगा, खिशावर नाव एल्ड्रिन,
पडद्याबद्दल बोलत होता.
नव्या गाडीला पडदा आहे.
त्यावर चाकातली हवा दिसते, पुढचं पंप दिसतं,
वाळूसाठी एक बटण, खडीसाठी दुसरं,
आणि थंडीत मुठी आपोआप ऊब धरतात.
मुठींचं मला आवडलं, खोटं कशाला बोलू.
जुलैत फ्रेझरबर्गच्या रस्त्यावर पहाटे
माझी बोटं माझी राहत नाहीत.

माझी गाडी सत्त्याऐंशीची.
दोन सिलिंडर दोन बाजूंना,
कमरेवर हात ठेवून भांडायला उभ्या बाईसारखी.
तिच्यावरून एकतीस वर्षं पवनपंप दुरुस्त करत हिंडलो:
कुठे दात झिजलेला, कुठे दांडा अडकलेला,
हौदात चिखल आणि भोवती मेंढ्या,
माझ्याकडे बघणाऱ्या, जणू मीच पाणी प्यालो.

तिला काय होणार ते ती आधी सांगते.
क्लचची तार तुटायच्या आठवडाभर आधी चिवचिवते.
डावा कार्बोरेटर उन्हाळ्यात रुसतो;
पान्याच्या पाठीने दोन टोले आणि एक शिवी,
शिवी आईवरूनच लागते.
पण ब्रेक?
ब्रेक म्हणजे तिच्याकडे केलेला अर्ज.
गेल्या मार्चात कुडू आडवा आला, घोड्याएवढा,
मी अर्ज केला, तिने विचारात घेतला.
कुडू गेला निघून.
माझा खांदा तेव्हापासून हवामान सांगतो.

म्हणून क्रिझेल्डाने पैसे काढले.
दवाखान्यातल्या रात्रपाळीचे, लेकीचे,
तेव्हा त्यांवर नीट बसता येत नाही.

मी एल्ड्रिनला म्हटलं, "आडवी पाडून बघू?"
तो हसला. मग हसायचा थांबला.
"काका, ही पाडायची गाडी नाही."
"सगळ्याच असतात रे."
आतून मॅनेजर बाई आल्या, मिसेस श्टाइनकाम्प,
माझे बूट बघितले, त्यावरची लाल माती बघितली,
आणि काही न बोलता गोदामातून पुठ्ठे आणायला सांगितले.
तिचा बाप मेंढ्यांवाला असणार.

हळूच निजवली आम्ही तिला, आजाऱ्यासारखी.
मग मी, कितीतरी पोरांना शिकवलं तसंच:
हँडल पुरतं वळवलेलं, सीटला पाठ,
टाचा रोवायच्या, आणि उलटं चालायचं.
वीतभर उठली.
मग पुठ्ठा सरकला, की गुडघा, कोण जाणे.
तिघांनी मिळून उभी केली.
पडद्यावर अक्षरं उमटली: गाडी पडली आहे.
बाईंनी तो बोटाने पुसला.

घरी पोचेतो अंधार.
दिवा न लावता, कुणी बघत नाही हे बघून,
अंगणात जुनीला निजवली.
साठ किलो हलकी आहे, मनात आकडा तयार होता.
हँडल. पाठ. टाचा.
ती मांडीपर्यंत आली
आणि तिथे आम्ही दोघं थांबलो.
मग खाली.

किती वेळ तिला टेकून बसलो होतो.
डाव्या कार्बोरेटरमधून पेट्रोल टिपटिप,
मातीत, लघवी सुटल्यासारखं.
इतकी वर्षं दोन गाड्या तोलत होतो म्हणायचं,
तराजू कुठे वाकलाय ते न बघता.

क्रिझेल्डा पाळीवरून आली.
पांढरे बूट, हातात डबा.
काय चाललंय विचारलं नाही.
डबा भिंतीवर ठेवला,
माझ्या शेजारी सीटला पाठ लावली,
"पप्पा, दोनवर," म्हणाली, "तीनची वाट बघू नका."

सकाळी अंगणात डाग होता, बशीएवढा.
ती म्हणाली, ड्वेनची शाळा डिसेंबरात सुटतेय,
आणि चहा ओतत राहिली.

मंगळवारी एल्ड्रिनचा फोन येईल.
निर्णय विचारेल.
मला त्याला आधी विचारायचंय
की मागे सतरा वर्षांचं दणकट पोरगं बसलं
तर वाळूचं बटण तेच राहतं का.