कुणाच्या आधारे

रात्रीचे पावणेबारा. शटर अर्धं खाली,
झेरॉक्सची मशीन थंड होताना टकटक करते,
आणि ग्लासगोहून मोनाली नान्हेचा फोन:
दादा, झोपला का?

हिचा स्कॉलरशिपचा फॉर्म मीच भरला होता.
फोटोत कान दिसत नाहीत म्हणून दोनदा परत आला,
उत्पन्नाच्या दाखल्यावर सही व्हायला अकरा दिवस.
तेव्हापासून तिला वाटतं
इंग्रजीत जे अडतं ते माझ्या दुकानात सुटतं.

निबंध आहे तीन हजार शब्दांचा, गावतलावांवर.
सरांनी (सर नाहीत, बाई आहेत, नावानेच हाक मारा म्हणतात,
ते हिला जमत नाही, ईमेल उघडून नुसती बसते)
समासात एकच प्रश्न चौदा ठिकाणी लिहिलाय.

जिथं गाद उगवते तिथं डाडक अंडी घालते.
कुणाच्या आधारे?
बेशरम माजली की बोटरी तलाव सोडते.
कुणाच्या आधारे?

दादा, हे मला लहानपणापासून माहीत आहे रे.
नुसतं माहीत असणं तिकडे चालत नाही,
पुस्तक लागतं, पान लागतं, साल लागतं.
सात मजल्यांची लायब्ररी आहे म्हणे,
तिच्यात आपल्या तलावाचं नाव एकदाच,
कुण्या साहेबाने लिहिलेलं, तेही चुकीचं.

मग हळूच म्हणाली,
इथं एक जण लिहून देतो. दीडशे पाऊंड.
कुणाला कळत नाही.
मी सवयीनं कॅल्क्युलेटर ओढला.
दोन रुपये पान धरलं
तर पावणेआठ हजारांच्या वर झेरॉक्स.
उपदेश काही केला नाही.
एवढंच विचारलं, त्याला डाडक माहीत आहे का?
पलीकडे हसू आलं,
मग नाक ओढल्याचा आवाज.

सकाळी मोबाईल घेऊन पाळीवर गेलो.
तिचा काका फागू जाळं झटकत होता.
म्हटलं, काका, पोरीला पुरावा पाहिजे,
हे सगळं कोण म्हणते ते सांगा.
"कोन मनते मंजे? मी मनतो ना!
पान्यात रोज मी उतरतो का तिची बाई?"
रेकॉर्डिंग चालू होतं. तेही गेलं ग्लासगोला.
एकोणीस मिनिटं बोलला.
मधे कुणाची तरी बकरी ओरडली,
आणि चार वेळा त्यानं विचारलं, लिवलं का?

मी ऐकून टाईप केलं, तिनं स्वतः इंग्रजीत नेलं.
तीन रात्री गेल्या. एक अख्खी रात्र तर गादीवरच,
म्हणजे झोपायच्या नाही, पाण्यातल्या गादीवर.
ती म्हणे, गवत लिहू?
काका म्हणे, गवत बैल खाते, हे गाद आये.
शेवटी गादच ठेवली,
तिरप्या अक्षरांत, जशी वाऱ्यावर असते.

शेवटच्या पानाची प्रिंट त्याला नेऊन दिली.
परक्या नावांच्या रांगेत,
एम संपून ओ सुरू व्हायच्या आत:
नान्हे, फागू. मुलाखत. तलावाची पाळ.
त्यानं ओलं बोट पँटीला पुसून मग ठेवलं.
"हे मी?"
हे तुम्ही.
"आन हे वरचे?"
तेही असेच, काहीतरी माहीत असणारे.
"पान्यात उतरतेत?"
मला सांगता आलं नाही.
प्रिंटचे पैसे मी घेईना,
तर पिशवीत दोन बोटरी टाकल्या त्यानं,
एक अजून तोंड हलवत होती.

महिन्यानं मार्क आले. चौसष्ट.
"शंभरातून? मंग छत्तीस कुटी गेले?"
तिकडे चौसष्ट म्हणजे चांगले, काका,
सत्तर तर क्वचित कुणाला देतात.
तो जाळ्याची एक गाठ सोडवत राहिला.
सुटली. दुसरी धरली.
"तिले सांग," म्हणाला,
"म्या बी सारं नाई सांगतलं."