रुमालाखाली

हळदीचा सौदा तोंडाने होत नसे तेव्हा
सांगलीच्या यार्डात.
दोघांचे हात, वर एक रुमाल,
भाव बोटांतून.
मी अडतीवरचा दिवाणजी,
सुकुमार खरेदीदाराचा माणूस.
राजापुरीच्या ढिगापाशी, नव्वद सालच्या फाल्गुनात
भाव ठरला
आणि हात तसेच राहिले.
कोणी पाहिलं नाही. रुमाल होता ना वर.

मग एकच चूल.
दोघे सडेफटिंग, पण शिस्तीचे हो, असं शेजारी म्हणत.
तो दिवस बुडायच्या आत जेवायचा,
मलाही सवय लागली.
घरातून कांदा गेला, लसूण गेली.
कांद्याबद्दल माझी तक्रार होती,
ती शेवटपर्यंत राहिली.

पुराच्या वर्षी पाणी तिसऱ्या पायरीला लागलं,
तो पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन माडीवर गेला,
उघडून बसला कंदिलाशी.
त्याची पॉलिसी, माझं पासबुक,
त्याचा सातबारा, माझं पेन्शन.
म्हणाला, "अरे, यात दोघांचं काहीच नाही.
एक लाईटबिलसुद्धा नाही."
आम्ही हसलो.
खाली फ्रिज तरंगत होता.

मिरजेच्या दवाखान्यात, खिडकीवर, फॉर्म.
रुग्णाशी नाते, आणि पुढे
दीड इंचाची रेघ.
जमा, नावे, तोलाई, हमाली,
जन्मभर रकानेच भरले मी,
पण इथे पेन अडलं.
'मित्र' लिहिलं.
पोरगी चांगली होती. हळूच म्हणाली,
"काका, मित्र चालत नाही. भाऊ लिहू?"
आधारवर तो मगदूम, मी कासार.
आणि खरं सांगू,
भाऊ लिहायला हात धजला नाही.

इचलकरंजीहून पुतण्या आला,
चार वर्षांनी काकाला बघत होता.
सही त्याची चालली.
नळी घालायची का, डॉक्टरांनी त्याला विचारलं,
तो म्हणाला, "सगळं करा."
पोरगा वाईट नाही, भ्यालेला होता.
त्याला कुठून ठाऊक,
गच्चीवर झोपताना सुकुमार किती वेळा म्हणाला होता,
मला अडवू नका,
एकेक सोडत जाईन, शेवटी पाणी.
मी सांगितलं हे. दोनदा सांगितलं.
नर्सने विचारलं, "तुम्ही कोण?"

भेटीची पाच मिनिटं.
चादरीखाली हात घातला.
किती तरी वेळ नुसती ऊब,
मग दोन बोटं दाबली त्याने, मग मनगट धरलं.
म्हणजे काय,
ते यार्डातली जुनी माणसं सांगतील. मी सांगणार नाही.

देह पुतण्याच्या सहीने मिळाला.
अमरधामात मी उभा होतो
चप्पल सांभाळणाऱ्यांच्या बाजूला.

वकीलबाई म्हणाल्या,
बँकेत नॉमिनी तुम्ही आहात, छान,
पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, राखणदार.
मृत्युपत्र हवं होतं. साधा कागदही चालला असता,
फक्त दोन साक्षीदार लागतात.
दोन साक्षीदार!
बत्तीस वर्षं
साक्षीला कुणी राहू नये
एवढीच तर काळजी घेतली आम्ही.

दाखल्यासाठी पालिकेत गेलो परवा.
कारकुनाने मान वर न करता विचारलं,
"मयताचे कोण?"
मी सांगितलं. मोठ्याने सांगितलं,
आता बोलीही मोठ्यानेच लागते यार्डात.
मागच्या रांगेत एका बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
कारकून म्हणाला, "तसा रकाना नाही."
मग चष्मा काढून,
"बसा. चहा सांगू का?"

घर दिवाळीपर्यंत आहे.
येताना मंडईतून कांदे आणले, पाव किलो.
ताटलीत ठेवलेत.
दिवस बुडायच्या आत जेवून घेतो,
ते तसेच असतात.
एकाला कोंब फुटलाय.